काळ्या शेलमध्ये फोरॅम एवढे कमी: तळाशी ऑक्सिजन कमी होता, की कवचं आम्लानं गेली?

मांडवी_गेट (प्रश्न)

नमस्कार. वडोदऱ्यात एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी कच्छच्या झुरान फॉर्मेशनमधल्या (उत्तर जुरासिक) काळ्या-करड्या शेलमधले (चिखलाचा थर दबून बनलेल्या पापुद्री खडकातले) बेंथिक फोरॅम, म्हणजे समुद्रतळावर राहणारे कवचधारी एकपेशीय जीव, पाहते आहे. नमुने भूजच्या दक्षिणेकडच्या कट्रोल डोंगररांगेतले, ओढ्यांच्या कापांतून घेतलेले, पृष्ठभागापासून साधारण वीतभर आतले.

धुण्याची पद्धत अशी: १०० ग्रॅम शेल, ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये रात्रभर, मग १२५ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवून ओव्हनमध्ये वाळवणं. हाती आलं ते बहुतेक वाळूचे कण जोडून कवच बांधणारे अ‍ॅग्लुटिनेटेड: अ‍ॅमोबॅक्युलाइट्स, हॅप्लोफ्रॅग्मॉइड्स, थोडे रिओफॅक्स. चुनखडी कवचाची लेंटिक्युलिना मोजक्याच नमुन्यांत, तीही खरबरीत, काही अर्धवट. तशीच चुनखडी कवचाची एपिस्टोमिना एकही नाही. काही नमुन्यांत एकूण ६०-७० च्या वर कवचं नाहीत. काही काळे-सोनेरी साचे आहेत, ते पायराइटचे (लोह सल्फाइडचे) असावेत. शेलच्या कापावर जिप्समचे चकाकणारे पापुद्रे आणि पिवळट डाग दिसतात.

प्रकार कमी, संख्या कमी, रंग काळा. यावरून तळाशी ऑक्सिजन कमी होता असं लिहिता येईल का? फोरॅमच्या प्रकारांवरून तळाचा ऑक्सिजन अंदाजणारा काइहोचा ऑक्सिजन निर्देशांक लावून आकडा काढावा का? आणि नवीन नमुने धुवायचे तर पेरॉक्साइड बदलावं का?

चाळणी_६३

लिहिता येणार नाही. निदान अजून तरी नाही. तुमच्या वर्णनात जिप्सम, पिवळे डाग, खरबरीत लेंटिक्युलिना आणि गायब एपिस्टोमिना या चारही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात: आम्ल. ते डोंगरातही झालं आहे आणि तुमच्या बीकरमध्येही.

काळ्या शेलमध्ये पायराइट असतं. त्याला हवा आणि पाणी मिळालं की सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. १ ग्रॅम पायराइटचं ऑक्सिडीकरण पूर्ण झालं, तर साधारण १.६७ ग्रॅम कॅल्साइट (चुनखडीचं खनिज) विरघळवण्याइतकं आम्ल निघतं. १०० ग्रॅम शेलमध्ये २ टक्के पायराइट धरलं तर ३.३ ग्रॅम कॅल्साइट गेलं समजा. शेलमध्ये मुळात कॅल्साइटच त्याहून कमी असेल, तर सगळी चुनखडी कवचं नाहीशी होऊ शकतात आणि मागे उरतात सेंद्रिय सिमेंटनं वाळूचे कण जोडून घर बांधणारे अ‍ॅग्लुटिनेटेड. तुमची यादी नेमकी तशीच आहे. कापावरचं जिप्सम म्हणजे त्या आम्लाचा आणि विरघळलेल्या कॅल्शियमचा हिशोब, आणि पिवळा डाग बहुधा जॅरोसाइटचा (लोह-सल्फेटच्या खनिजाचा), जो आम्लधर्मी वातावरणातच बनतो.

पेरॉक्साइड हेच काम काही तासांत करतं. शिवाय बाटलीतलं पेरॉक्साइड टिकावं म्हणून त्यात थोडं आम्ल घातलेलं असतं. त्यामुळे ३० टक्के, रात्रभर, तेही पायराइट असलेल्या शेलवर, हे कवचांसाठी फार कठोर आहे.

पुढच्या खेपेला आधी हे करा. १० ग्रॅम शेल कुटून ५० मिली डिस्टिल्ड पाण्यात ढवळा, अर्ध्या तासानं पीएच पट्टी लावा. ७.५ ते ८.५ च्या आसपास आला तर नमुना बरा. ५ च्या खाली आला तर त्यातून चुनखडी कवचांची अपेक्षा ठेवू नका, तो फक्त अ‍ॅग्लुटिनेटेडसाठी वापरा. मग १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब ताज्या तुकड्यावर टाका. फेस येतच नसेल तर खडकात कॅल्साइट जवळपास उरलेलं नाही.

धुण्यासाठी मी पेरॉक्साइडऐवजी सॉल्व्हेंटची पद्धत सुचवेन. रंगाच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन चालतं, रॉकेल शोधत बसायला नको. शेलचे १ सेंटिमीटरच्या आतले तुकडे करा. खलबत्त्यात कुटून पीठ मात्र करू नका, लांबट कवचं आधी मोडतात. ६० अंशांवर २४ तास वाळवा. ही पायरी अजिबात गाळायची नाही, कारण ओलसर शेलच्या छिद्रांत आधीच पाणी बसलेलं असतं आणि सॉल्व्हेंट आत शिरत नाही. "पद्धत चालली नाही" म्हणणाऱ्यांचं बहुतेक वेळा इथेच बिनसलेलं असतं. नमुना पूर्ण थंड झाल्यावर तो बुडेल इतकं टर्पेंटाइन ओता, ६ ते १२ तास ठेवा, मग ते गाळून परत बाटलीत भरा (पुन्हा वापरता येतं) आणि लगेच शेलवर गरम पाणी ओता. पाणी सॉल्व्हेंटला ढकलून छिद्रांत घुसतं, चिकणमाती फुगते आणि तुकडे आपोआप चिखल होतात. पाणी दुसरीकडे तापवून आणायचं, सॉल्व्हेंट असलेलं भांडं कधीही आचेवर ठेवायचं नाही. ४० अंशांच्या आसपासच त्याची वाफ पेट घेऊ शकते. खिडक्या उघड्या, जवळपास ज्योत नाही, हातात नायट्राइलचे मोजे.

चिखल चाळणीवर धुतल्यावर उरलेल्या गुठळ्या लिटरला १० ग्रॅम धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात अर्धा-पाऊण तास मंद उकळा. सोडा अल्कधर्मी असल्यानं कॅल्साइटला त्रास नाही, उलट उरलंसुरलं आम्ल मारलं जातं. तरी फुटत नसेल तर ग्लॉबर सॉल्ट (स्फटिकजल असलेलं सोडियम सल्फेट): ३२.४ अंशांच्या वर ते स्वतःच्याच पाण्यात विरघळतं. गरम दाट द्रावणात शेल भिजवायचा, फ्रिजमध्ये ठेवून स्फटिक होऊ द्यायचे, पुन्हा तापवायचं. वाढणारे स्फटिक खडक आतून उकलतात. पाच-सहा फेऱ्यांत फरक दिसू लागतो, कडक शेलला जास्त लागतात. वेळखाऊ आहे पण स्वस्त आहे, आणि कवचांशी सगळ्यात सौम्य.

पेरॉक्साइड वापरावंच लागलं तर १० टक्क्यांच्या आत आणा, अमोनियाचे थेंब घालून पीएच ८ च्या आसपास ठेवा, दर अर्ध्या तासाला पट्टी लावा आणि दोन-तीन तासांत धुऊन टाका. बीकर नमुन्याच्या चौपट मोठा घ्या. मँगनीजची खनिजं असतील तर फेस एकदम वर येतो.

आता चाळणी. १२५ मायक्रॉनवर थांबणं या विषयात महागात पडतं. कमी ऑक्सिजनमध्ये तगणारे फोरॅम बहुतेक लहान आणि पातळ कवचाचे असतात, म्हणजे ज्यांच्यासाठी आपण शोध घेतो तेच नळातून वाहून जातात. ६३ मायक्रॉनची चाळणी खाली लावाच. विकत घेताना मेश नंबरवर जाऊ नका, मायक्रॉन विचारा: ६३ मायक्रॉन म्हणजे एएसटीएमचा २३० आणि ब्रिटिश मानकाचा २४०. आणि दोन नमुन्यांच्या मध्ये चाळणी मेथिलीन ब्लूमध्ये बुडवून घ्या. आधीच्या नमुन्याचं अडकलेलं कवच निळं दिसतं आणि मोजणीत शिरत नाही.

गाळवाचक

वरच्या उत्तराला दोन गोष्टी जोडतो, खोदण्याबद्दल आणि काळ्या रंगाबद्दल.

वीतभर आत म्हणजे अजून झिजलेल्या थरातच. कच्छसारख्या कोरड्या प्रदेशात जिप्समच्या शिरा शेलच्या भेगांतून चांगल्या खोलवर जातात. ओढ्याच्या बाहेरच्या वळणावर, जिथे पाणी दर पावसाळ्यात काठ खात असतं, तिथला काप सर्वात ताजा मिळतो. तिथे निदान अर्धा मीटर आत जा आणि रंग पाहत जा: पिवळट-तपकिरी, मग करडा, मग निळसर काळा. निळसर काळा लागला, नखानं खरवडल्यावर पिवळी पूड पडली नाही आणि जिप्सम थांबलं की तिथून घ्या. विहिरीचं किंवा बोअरचं ताजं माल-मटेरियल जवळपास मिळालं तर त्याहून उत्तम, पण ते लगेच वाळवून हवाबंद पिशवीत भरा. ओलं ठेवलं तर पायराइट पिशवीतच जळायला लागतं.

नमुन्याची जाडी १ ते २ सेंटिमीटरच ठेवा. शेलच्या एका सेंटिमीटरात शेकडो वर्षं दबलेली असू शकतात. १० सेंटिमीटरचा ढेकूळ घेतला की चांगल्या ऑक्सिजनच्या काळातले आणि वाईट काळातले जीव एकाच स्लाइडवर येतात आणि निष्कर्ष मधलाच कुठला तरी निघतो, जो कोणत्याच काळाचा नसतो.

आता काळा रंग. झुरानच्या गाळात नदीमुखाजवळचा हिस्सा मोठा आहे, वर जाऊ तसं वाळूचं प्रमाण वाढतं. अशा ठिकाणी शेल काळा होतो तो बऱ्याचदा जमिनीवरून वाहून आलेल्या लाकूडफाट्याच्या चुऱ्यानं. तो काळेपणा समुद्रतळाच्या ऑक्सिजनबद्दल फारसं सांगत नाही. रॉक-इव्हलची (नमुना तापवून त्यातलं सेंद्रिय द्रव्य तपासण्याच्या चाचणीची) सोय झाली तर हायड्रोजन इंडेक्स पाहा: १५०-२०० च्या खाली असेल तर बहुतेक वनस्पतीजन्य (टाइप ३), ३०० ते ६०० असेल तर समुद्री प्लवकांपासूनचं (टाइप २). मात्र फार झिजलेल्या नमुन्यातही हा आकडा खाली येतो, म्हणून तो ताज्या नमुन्यावरच करा.

आणि अ‍ॅमोबॅक्युलाइट्स! गोड्या पाण्याची भेसळ असलेल्या खाड्या, नदीमुखं, उथळ चिखल इथे तो आजही भरपूर सापडतो. म्हणजे तुमच्या यादीला दोन नव्हे, तीन स्पष्टीकरणं आहेत: कमी ऑक्सिजन, आम्ल, आणि कमी क्षारता. तिसरं तपासायचं तर सोबतचे जीवाश्म पाहा. त्याच थरात अ‍ॅमोनाइट, बेलेम्नाइट (दोन्ही माखलीच्या कुळातले लुप्त समुद्री जीव) किंवा एकायनॉइडचे (सी-अर्चिनचे) काटे असतील तर पाणी पूर्ण खारं होतं. एकायनॉडर्म (सी-अर्चिन, तारामासा यांचा गट) क्षारतेत फारशी तडजोड करत नाहीत.

मांडवी_गेट

दोघांचे मनापासून आभार. दोन खालच्या थरांत बेलेम्नाइट आहेत, वरच्यांत काहीच नाही. तेव्हा वरच्यांबद्दल सावध राहते. खालच्या थरांत शेल पातळ पापुद्र्यांचा आहे, बिळं फारशी दिसत नाहीत, फक्त बारीक फांद्यांसारखी नक्षी काही पातळीवर आहे.

समजा ताज्या, आम्लानं न खाल्लेल्या नमुन्यांतून चांगली मोजणी झाली. मग पुढे? काइहोचं सूत्र लावायचं का? आणि ऑक्सिजनची पातळी लिहिताना "डिसॉक्सिक" (कमी ऑक्सिजनची पातळी) कुठून कुठपर्यंत धरतात? प्रत्येक पेपरमध्ये वेगळी रेघ दिसते.

कप्पेमोजणी

आधी रेघांचं. टायसन आणि पीअरसन (१९९१) यांच्या वर्गवारीत २ मिली/लिटरच्या वर ऑक्सिक, २ ते ०.२ डिसॉक्सिक, ०.२ ते शून्य सबऑक्सिक, आणि शून्य म्हणजे अ‍ॅनॉक्सिक. काइहो (१९९४) मात्र ०.३ ते १.५ ला सबऑक्सिक आणि ०.१ ते ०.३ ला डिसॉक्सिक म्हणतो. म्हणजे शब्द तेच, क्रमसुद्धा उलटा! म्हणून प्रबंधात नुसता शब्द लिहू नका. कोणाची वर्गवारी आणि किती मिली/लिटर, दोन्ही लिहा. आकडे बदलून घ्यायचे तर १ मिली/लिटर म्हणजे सुमारे ४५ मायक्रोमोल/लिटर, किंवा १.४३ मिलिग्रॅम/लिटर. अरबी समुद्रावरच्या लेखनात ही तिन्ही एककं भेटतील.

काइहोचं सूत्र सोपं आहे. चुनखडी कवचांचे तीन गट करायचे: ऑक्सिक (ओ), सबऑक्सिक (एस), डिसॉक्सिक (डी). ओ असतील तर निर्देशांक = ओ ÷ (ओ + डी) × १००. ओ शून्य असतील तर [एस ÷ (एस + डी) − १] × ५०, म्हणजे उत्तर ऋण येतं. गट पाडायचे ते कवचाच्या आकारावरून: जाड भिंतीचे, मोठे, गोलसर किंवा एका बाजूनं सपाट ते ओ, पातळ, लांबट, चपटे, सच्छिद्र ते डी.

पण तुमच्या शेलवर हे सूत्र लावू नका, आणि कारणं ठोस आहेत. पहिलं, ते चुनखडी कवचांसाठी आहे. तुमच्याकडे अ‍ॅग्लुटिनेटेडच जास्त. दुसरं आणि मोठं, ते क्रेटेशियसपासून (जुरासिकनंतरच्या काळापासून) पुढच्या आणि आजच्या जीवांवर बेतलेलं आहे. डी गटाचे खंदे सदस्य, म्हणजे बोलिव्हिना आणि तिचे भाऊबंद, उत्तर जुरासिकात आजच्यासारखे पसरलेलेच नव्हते. त्या काळात तळावर राज्य लेंटिक्युलिनासारख्या नोडोसारिड गटाचं आणि एपिस्टोमिनासारख्या, चुनखडीच्याच दुसऱ्या खनिजाच्या, म्हणजे अ‍ॅरागोनाइटी कवचांचं. जे जीव तेव्हा नव्हतेच, त्यांच्या अनुपस्थितीवरून "ऑक्सिजन भरपूर होता" असं उत्तर हे सूत्र आनंदानं देऊन टाकेल.

त्याऐवजी आकृतिगट, म्हणजे नावाऐवजी कवचाच्या आकारावरून पाडलेले गट, पाहा. जोन बर्नहार्ड यांनी १९८६ मध्ये जुरासिकपासून आजपर्यंतचे ऑक्सिजनहीन, सेंद्रियसमृद्ध गाळ तपासून जे मांडलं ते तुमच्या कामाला थेट लागू होतं: अशा गाळात लहान, पातळ भिंतीचे, नक्षी नसलेले, चपटे किंवा निमुळते लांबट प्रकार जास्त असतात. प्रत्येक कवचासाठी लांबी, रुंदी, भिंतीवर फासळ्या आहेत की गुळगुळीत, आणि गाळाच्या वर राहणारा आकार की आत शिरणारा, एवढ्या चार नोंदी करा. नाव ठरलं नाही तरी हा तक्ता भरता येतो. नवख्या माणसासाठी हे मोठं सुख आहे, आणि चुकीच्या प्रजाती-नावावर निष्कर्ष उभा राहत नाही.

एकाच प्रजातीचा सरासरी आकार थराथरानं कसा बदलतो तेही मोजा. लेंटिक्युलिना खालच्या थरात ४०० मायक्रॉन आणि पापुद्र्याच्या थरात २०० असेल, आणि पिल्लं-प्रौढ दोन्ही मिळत असतील, तर ती खरी खुंटलेली वाढ. फक्त पिल्लंच मिळत असतील तर प्रवाहानं चाळून आणलेली असू शकतात.

मोजणी किती? ३००. त्यामागे साधं गणित आहे: १ टक्का प्रमाणात असलेली प्रजाती ३०० मध्ये एकदाही न दिसण्याची शक्यता ०.९९ चा ३०० वा घात, म्हणजे सुमारे ५ टक्के. ६० कवचांत तीच शक्यता ५५ टक्के होते. म्हणून ६०-७० वाल्या नमुन्यांवर फिशर अल्फा किंवा शॅनन (प्रजातींच्या विविधतेचे निर्देशांक) काढून दुसऱ्याशी तुलना करू नका. करायचीच तर रेअरफॅक्शननं सगळे नमुने समान संख्येवर आणा. ६३-१२५ आणि १२५ च्या वरचा भाग वेगळा मोजा, स्प्लिटरनं (नमुना सारखा वाटणाऱ्या साधनानं) किती भाग केले ते लिहून ठेवा आणि शेवटी दर ग्रॅम कोरड्या शेलमागे किती कवचं, हा आकडा द्या.

तुमची "बारीक फांद्यांसारखी नक्षी" फार महत्त्वाची वाटते. काप पॉलिश करून पाहा. ती कॉन्ड्राइटीस (फांद्यांसारख्या बारीक बिळांचा जीवाश्म) असेल, आणि तिच्यासोबत दुसरी मोठी बिळं नसतील, तर तळ पूर्ण ऑक्सिजनहीन नव्हता पण गाळाच्या आत ऑक्सिजन फार कमी होता असा तो चांगला पुरावा आहे. आम्ल कवचं खातं, बिळं आणि पापुद्रे खात नाही. म्हणून तुमच्यासारख्या नमुन्यांत हा पुरावा फोरॅमपेक्षा भरवशाचा.

चाळणी_६३

आकृतिगटांशी सहमत. फक्त एका ठिकाणी जोर वेगळा देईन. लांबट, गाळात राहणारे प्रकार वाढले की लगेच "ऑक्सिजन घटला" लिहितात. खरं तर अन्न वाढलं तरी तेच प्रकार वाढतात. योरिसेन आणि सहकाऱ्यांचं १९९५ चं ट्रॉक्स मॉडेल हेच सांगतं: अन्न कमी असेल तिथे जीव किती खोल राहणार हे अन्न ठरवतं, अन्न भरपूर असेल तिथे ऑक्सिजन ठरवतो. आणि समुद्रात दोन्ही गोष्टी हातात हात घालून येतात, कारण वरून पडणारं अन्न कुजतानाच तळाचा ऑक्सिजन संपतो. निव्वळ फोरॅमवरून दोघांना वेगळं करणं अवघड आहे. म्हणून एक असेंद्रिय पुरावा जोडीला हवाच.

विद्यार्थ्याला परवडेल असा पुरावा म्हणजे पायराइट फ्रँबॉइड, ते सूक्ष्म स्फटिकांचे गोल पुंजके. शेलचा पॉलिश केलेला तुकडा एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) बॅकस्कॅटर प्रतिमेत पाहा आणि निदान १०० फ्रँबॉइडचा व्यास मोजा. पाण्यातच हायड्रोजन सल्फाइड असेल तर ते पाण्यातच बनून लवकर खाली पडतात, म्हणून लहान राहतात: सरासरी ५ मायक्रॉनच्या आसपास आणि फरक कमी. गाळाच्या आत बनलेले मोठे आणि विखुरलेल्या आकारांचे असतात, विल्किन आणि सहकाऱ्यांच्या १९९६ च्या मोजणीत सरासरी ७.७. झिजलेल्या नमुन्यात पायराइट गंजून लोह-ऑक्साइड झालं तरी गोल आकार बऱ्याचदा टिकतो, तोही मोजता येतो. मूलद्रव्यांपैकी मॉलिब्डेनम आणि युरेनियम पाहायचे तर ते अ‍ॅल्युमिनियमच्या तुलनेत मांडा, नुसते पीपीएम देऊ नका, कारण वाळू-चिकणमातीचं प्रमाण बदललं की ते आपोआप हलतात. युरेनियम झिजेत वाहूनही जातं, हे तुमच्या बाबतीत विसरून चालणार नाही.

गाळवाचक

"कमी ऑक्सिजन म्हणजे खोल समुद्र" हे समीकरणही मनातून काढा. अरबी समुद्रात आज ऑक्सिजन-न्यून पट्टा साधारण १५० ते १२०० मीटर खोलीत आहे खरा, पण भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या उथळ मंचावर (किनाऱ्यालगतच्या समुद्रतळावर) नैऋत्य मोसमी पावसाच्या अखेरीस, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला, तळाचा ऑक्सिजन इतका संपतो की काही ठिकाणी हायड्रोजन सल्फाइडही दिसतं. पुढे पाणी ढवळलं की परत सगळं ठीक. असा हंगामी घाला वर्षानुवर्षं चालू राहिला तर खडकात काय उरेल? थोड्या चिवट प्रजाती, प्रचंड संख्येनं, मधूनमधून बाकीचे. कच्छचा जुरासिक समुद्र उथळच होता, तेव्हा तुलना या मंचाशी करा, खोल पट्ट्याशी नको.

आणि उलट बाजूही. ऑक्सिजन संपला म्हणजे फोरॅम लगेच मेले असं नाही. २००६ मध्ये ग्लोबोब्युलिमिनाच्या एका प्रजातीत दाखवलं गेलं की ती पेशीत नायट्रेट साठवते आणि ऑक्सिजनऐवजी त्यावर श्वसन करते. त्यामुळे "एक तरी फोरॅम आहे म्हणजे ऑक्सिजन होता" हेही घाईचं विधान. पापुद्र्याचा शेल, बिळं शून्य, फ्रँबॉइड बारीक आणि तरी एकाच प्रकारचे लहान फोरॅम खूप, असा थर सापडला तर त्याला विरोधाभास समजून बाजूला ठेवू नका, तो नीट लिहा.

मांडवी_गेट

खूप मदत झाली. पायराइटच्या साच्यांचं एक राहिलं. ते मोजणीत धरायचे का? काही स्लाइडवर त्यांच्याभोवती पांढरट पूड जमते आहे.

कप्पेमोजणी

धरायचे, पण वेगळ्या रकान्यात. कप्प्यांची मांडणी दिसते तोवर आकृतिगट ठरतो. प्रजाती बहुतेक वेळा ठरत नाही, कारण भिंत आणि नक्षी गेलेली असते. ते मोजले नाहीत तर चुनखडी गट खोटा कमी दिसेल, आणि तुमच्या नमुन्यांत त्याचं वजन मोठं आहे: साचा आहे म्हणजे तिथे कवच होतं, नंतर विरघळलं. एखाद्या थरात साचे भरपूर आणि कवचं शून्य, एवढ्यावरून विरघळण्याचा मुद्दा सिद्ध होतो.

पांढरी पूड म्हणजे लोह सल्फेट, पायराइट जळायला लागलं आहे. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की हे वेगानं होतं, आणि वडोदऱ्यात जून ते सप्टेंबर ती बहुतेक वेळ त्याहून वरच असते. त्यातून सुटणारं आम्ल शेजारच्या लेंटिक्युलिनालाही खातं आणि कार्डबोर्डची स्लाइडसुद्धा कुजवतं. म्हणून पायराइटी साचे आजच वेगळ्या स्लाइडवर हलवा. उरलेली पूड कोरड्या ब्रशनं झटका, वर एकदा इथेनॉलनं धुवा, पाणी लावू नका. मग झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलसह ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास तापवून परत वापरा. नवे नमुने धुतल्यावरही शेवटचं पाणी डिस्टिल्ड, मग इथेनॉलचा एक हात, आणि ४०-५० अंशांवर वाळवण. ओलं जितका वेळ कमी राहील तितकं बरं. साच्यांचे फोटो मात्र हलवण्याआधी काढून घ्या, काही हलवताना फुटतील.

चाळणी_६३

आणि नवे नमुने यायच्या आधी एक चाचणी करता येईल. ज्या थरात लेंटिक्युलिना मिळाली, त्याचा उरलेला शेल सारखा दोन भागांत वाटा, ५०-५० ग्रॅम. एक टर्पेंटाइननं, एक आधीसारख्या ३० टक्के पेरॉक्साइडनं. दोन्ही ६३ मायक्रॉनवर धुवा आणि दर ग्रॅममागे चुनखडी कवचं मोजा. टर्पेंटाइनच्या भागात ती ठळकपणे जास्त निघाली, तर बीकरमधलं नुकसान किती हे आकड्यात कळेल. दोन्हीकडे सारखीच कमी निघाली, तर नुकसान डोंगरातच झालं आहे आणि अर्धा मीटर खोदल्याशिवाय त्या कापातून पुढे जाता येणार नाही.